एका लेथचे दोन का होत नाहीत?

आमच्या मंगळवार पेठेत माणसाला दोन प्रश्नांची उत्तरे नेहमी तयार ठेवावी लागतात. पहिला प्रश्न, तू कुठल्या तालमीचा? आणि दुसरा, सध्या काय करतोस? पहिल्याचे उत्तर मला जन्मतःच मिळालेले आहे. दुसऱ्या प्रश्नाने मात्र गेली दोन वर्षे माझी पंचाईत केली आहे. 'पीएच.डी. करतो' असे म्हटले की लगेच 'कशात?' असे विचारले जाते. आणि 'छोटे उद्योग मोठे कसे होतात यावर' असे सांगितले की समोरचा गृहस्थ माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहतो. एकदा कट्ट्यावरच्या एका काकांनी तर स्पष्टच विचारले, "म्हंजे सरकार तुला पगार देतंय, आणि तू उद्यमनगरात चहा पीत हिंडतोयस?"

काकांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधक अधिछात्रवृत्ती मला मिळते. १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनंतर काम समाधानकारक असेल तर ती ४२,००० होते. हे पैसे लोकांच्या करातून येतात. तेव्हा त्या पैशात मी काय करतो, हे विचारण्याचा हक्क काकांना आहे, तसाच तो तुम्हालाही आहे. या महाविद्यालयाच्या वार्षिकात पूर्वी मी कविता लिहिल्या (त्या आता कुणी वाचू नयेत अशी माझी इच्छा आहे). या खेपेला माझ्या कामाचा हिशोब देण्याचे ठरवले आहे.

प्रश्न कुठून आला

शिवाजी उद्यमनगर आमच्या पेठेपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. तेथे माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, एका लेथचा कारखाना आहे. कारखाना हा शब्द आमच्या घरातला. बाहेरचा माणूस त्याला गाळाच म्हणेल. फौंड्रीतून ओतीव नग यायचे, आबा ते लेथवर चढवून मापात आणायचे आणि परत पाठवायचे. याला जॉबवर्क म्हणतात. माल दुसऱ्याचा, नकाशा दुसऱ्याचा, आपले फक्त हात आणि यंत्र.

मी सातवीत असताना आबांना एका मोठ्या कंपनीकडून चौपट काम मिळाले. आबांनी कर्ज काढून दुसरा लेथ घेतला, दोन पोरे कामाला ठेवली. त्या दिवशी घरी पेढे आले होते. पुढे माल वेळेवर गेला, पैसे मात्र आले नाहीत. एक महिना, दोन महिने करीत आठ महिने गेले. बँकेचा हप्ता थांबत नव्हता आणि पोरांचा पगारही थांबवता येत नव्हता. शेवटी पैसे आले तेव्हा दुसरा लेथ विकलेला होता. त्यानंतर आबांनी कधीही मोठे काम घेतले नाही. 'आपल्याला झेपत नाही' एवढेच ते म्हणत. मी मोठा झालो तसा मला त्याचा राग येऊ लागला. शेजारच्या गाळ्यातला माणूस शिरोलीला गेला, तिथून गोकुळ शिरगावला गेला. आमचे आबा तिथेच. आबांना धाडस नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

संशोधनाचा विषय मांडताना मी हीच गोष्ट जड भाषेत लिहून नेली: 'लघुउद्योजकांतील जोखीम स्वीकारण्याच्या वृत्तीचा अभाव.' माझ्या मार्गदर्शकांनी कागद वाचला आणि शांतपणे विचारले, "तुम्ही उत्तर आधीच लिहून आणले आहे. मग आता शोधणार काय?" तो कागद मी घरी नेला आणि फाडला. खरे संशोधन त्या दिवशी सुरू झाले असे म्हणायला हरकत नाही.

वाढ आणि विस्तार

या विषयात प्रथम दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. एका लेथवर दिवसाला शंभर नग निघतात. दुसरा लेथ घेतला, दुसरा टर्नर ठेवला, तर दोनशे निघतील. उत्पादन दुप्पट झाले, पण खर्चही जवळजवळ दुप्पट झाला. ही नुसती वाढ झाली. विस्तार याहून निराळा आहे. ज्या धंद्यात उत्पादन दुप्पट होते पण खर्च दुप्पट होत नाही, तेथे विस्तार शक्य असतो.

कोल्हापूरकरांना याचे उदाहरण फौंड्रीतच सापडेल. नग ओतण्याआधी त्याचा लाकडी पॅटर्न करावा लागतो. कुशल कारागिराचे कित्येक दिवस त्यात जातात. पण एकदा पॅटर्न झाला की त्यावर दहा नग ओतले काय आणि हजार ओतले काय, पॅटर्नचा खर्च तेवढाच. नग जितके जास्त, तितका प्रत्येक नगावरचा तो बोजा हलका. म्हणजे पॅटर्न ज्याचा, त्याला विस्ताराची वाट मोकळी. आणि जो नगामागे मजुरी घेऊन केवळ कातकाम करतो, त्याला फक्त वाढ. आबा या दुसऱ्या बाजूला उभे होते. हे मला लेथच्या आवाजात वीस वर्षे राहूनही दिसले नव्हते.

अर्थात हजार नग ओतण्यात अर्थ केव्हा, तर हजार विकले जातील तेव्हा. ॲडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचे प्रसिद्ध उदाहरण दिले. एकट्याने सगळी कामे केली तर दिवसाला वीस टाचण्याही व्हायच्या नाहीत. पण दहा माणसांनी कामे वाटून घेतली तर अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक होतात. त्याच ग्रंथात त्याने पुढे बजावले आहे की श्रमविभागणी किती करता येईल हे बाजारपेठेच्या आकारावर ठरते. ज्या गावात रोज शंभर टाचण्या खपतात तेथे दहा माणसे बसवून काय करायचे?

प्रभातची गोष्ट

पुस्तकातला सिद्धान्त आपल्या मातीत पडताळून पाहावा म्हणून मी एक जुने उदाहरण घेतले. आमच्या पेठेत जयप्रभा स्टुडिओचे आवार आहे. लहानपणी त्या भिंतीवरून आत डोकावताना ती एका उद्योगाच्या इतिहासाची भिंत आहे असे कधी वाटले नाही. चित्रपट म्हणजे कला, उद्योग नव्हे, असाच आपला समज असतो. पण चित्रपटाची मूळ निगेटिव्ह आणि फौंड्रीचा पॅटर्न यांत हिशोबाच्या दृष्टीने फरक नाही. सगळा खर्च पहिल्या प्रतीत. पुढच्या प्रती त्या मानाने स्वस्त.

कोल्हापुरात या धंद्याचा पाया बाबूराव पेंटर यांनी घातला. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला, तो पाहून बाबूरावांना या कलेचा ध्यास लागला. परदेशी कॅमेरा परवडत नव्हता म्हणून त्यांनी विष्णुपंत दामले यांच्यासारख्या सहकाऱ्यांना हाताशी धरून स्वतःचा कॅमेरा बनवला. तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. १९२५ साली 'सावकारी पाश' आला. बाबूराव पडदे रंगवीत, देखावे उभारीत, वेशभूषा ठरवीत, चित्रण करीत आणि जाहिरातीची भित्तिपत्रकेही स्वतः काढीत. प्रत्येक गोष्टीवर त्यांचा हात फिरल्याशिवाय ती बाहेर जात नसे. कलेच्या दृष्टीने हे त्यांचे मोठेपण; पण संस्थेचा वेग मात्र त्यामुळे एका माणसाच्या हाताइतकाच राहिला.

याच कंपनीत तयार झालेली चार माणसे बाहेर पडली: विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर. त्यांना पाचवे मिळाले सराफीचा व्यवसाय करणारे सीतारामपंत कुलकर्णी. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. या पाच जणांची कामे पाहा. शांताराम दिग्दर्शन पाहणार, फत्तेलाल कलाविभाग, धायबर कॅमेरा, दामले तांत्रिक बाजू आणि पुढे ध्वनी. कुलकर्णी पैशाची बाजू. स्मिथच्या टाचणीच्या कारखान्यात जे घडते ते येथे पहिल्या दिवसापासून घडले होते. एकाचे काम चालू असताना दुसऱ्याला थांबावे लागत नव्हते.

'गोपाळकृष्ण'पासून सहा मूकपट झाले आणि १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' झळकला. मूकपटाला भाषा नसते. पाट्या बदलल्या की तो कुठेही चालतो. बोलपट आला आणि बाजारपेठेचे भाषेनुसार तुकडे पडले. मराठी बोलपट मराठी मुलखापुरता. तेव्हा प्रभातने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' काढताना तो मराठीत आणि हिंदीत, असा दोन्ही भाषांत केला. देखावे तेच, पोशाख तेच, बहुतेक नटसंचही तोच. वाढला तो त्या मानाने थोडा खर्च, आणि बाजार मात्र साऱ्या हिंदुस्थानाचा मिळाला. पॅटर्न एक, नग दोन जातींचे. विस्ताराचे याहून स्वच्छ उदाहरण मला परदेशी ग्रंथांतही आढळलेले नाही.

पुढची पायरी होती जागेची. १९३३ साली प्रभात कोल्हापूर सोडून पुण्याला गेली. ध्वनिचित्रणासाठी बंदिस्त, भक्कम चित्रणगृहे हवीत, स्वतःची प्रयोगशाळा हवी, मुंबईचा बाजार जवळ हवा. अशा गरजा वाढत गेल्या की जन्मगाव अपुरे पडू लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे असेच झाले होते. १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून त्यांनी नांगर बनवण्याचा कारखाना उभारला. पण बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी आपल्या संस्थानात जागा दिली आणि १९१० साली रेल्वेच्या कडेला किर्लोस्करवाडी वसली. दोन्ही उदाहरणांत उद्योग मोठा झाला तो जागा बदलूनच.

पुण्यात प्रभातने कलावंतांना आणि कामगारांना मासिक पगारावर ठेवले, त्यामुळे एक चित्रपट संपताच सगळी माणसे पांगत नसत. १९३४ मध्ये पुण्यातच स्वतःचे चित्रपटगृह चालवायला घेतले. 'अमृतमंथन', 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' ही नावे मी सांगायला नकोत. १९३६ चा 'संत तुकाराम' मुंबईच्या सेंट्रल सिनेमागृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्याचे दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांनी केले होते, शांतारामांनी नव्हे. म्हणजे दिग्दर्शनाचे काम पेलणारी दुसरी माणसे संस्थेतच तयार झाली होती.

आणि तरीही ही संस्था टिकली नाही. धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ साली शांताराम गेले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर काढले. १९४५ साली दामले वारले. १९५३ च्या सुमारास प्रभातचे दार बंद झाले. ज्या जागेत तिचे चित्रणगृह होते तेथे १९६० साली चित्रपट शिक्षणाची सरकारी संस्था सुरू झाली. आजही ती तेथेच आहे.

माणूस नावाची मर्यादा

प्रभातचे असे का झाले? भांडवल होते, बाजार होता, यंत्रे होती. एडिथ पेनरोझ या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९५९ साली उद्योगसंस्थेच्या वाढीवर ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: पैसा उसना मिळतो, यंत्र विकत मिळते, पण एकमेकांबरोबर काम करून मुरलेली माणसे बाजारात विकत मिळत नाहीत. नवी माणसे घ्यावीत तर त्यांना तयार करायला जुन्या माणसांचाच वेळ जातो. म्हणून कुठलीही संस्था एका ठरावीक वेगापेक्षा जास्त वेगाने वाढू शकत नाही. ही मर्यादा पैशाची नसते, माणसांची असते. प्रभातचे खरे भांडवल ही मुरलेली माणसे होती आणि ती एकेक करून कमी झाली.

हे वाचले त्या रात्री मी आबांना सहज विचारले, की तेव्हा दुसरा लेथ घेतल्यावर अडचण केवळ पैशाचीच होती का? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पैशाचं तर हुतंच. पर दोन पोरं शिकवायची म्हंजे माझा लेथ बंद ऱ्हायचा. मी लेथवर हुबा ऱ्हायलो की पोरं नग खराब करायची. आनि वसुलीला गेलो तर दोन्हीबी." आबांनी पेनरोझ बाईंचे नावही ऐकलेले नाही. मी मात्र ते पुस्तक वाचल्यावरच आबांना हा प्रश्न विचारला, याची मला लाज वाटली.

झाड आणि जंगल

याचा अर्थ कोल्हापूर वाढले नाही असा मुळीच नाही. आल्फ्रेड मार्शलने १८९० साली आपल्या ग्रंथात उद्योगांची तुलना जंगलातल्या झाडांशी केली. एकेक झाड वाढते, थकते, पडते. जंगल मात्र उभे असते. एकाच जातीचे लहान-मोठे धंदे एका ठिकाणी दाटीने वसले की त्यांचा एकमेकांना आधार होतो. आपल्याकडे उसाचे चरक, गुऱ्हाळे, नदीचे पाणी उचलणारी इंजिने आणि पंप यांच्या दुरुस्तीतून मिस्त्री मंडळी शिकली. दुरुस्त करता करता सुटे भाग ओतू लागली, मग अख्खे यंत्रच करू लागली. आज कोल्हापुरात फौंड्र्या शेकड्यांनी आहेत. पॅटर्न करणारा एक, ओतणारा दुसरा, कातणारा तिसरा, रंग देणारा चौथा. उद्यमनगरात एखादे हत्यार मोडले तर शेजारच्या गल्लीत ते तासाभरात धार लावून मिळते. जी श्रमविभागणी स्मिथने एका छपराखाली पाहिली, ती येथे सबंध वसाहतीत पसरलेली आहे.

परंतु या रचनेत एक सांधा कच्चा आहे आणि माझ्या प्रबंधाचा सारा जोर आता त्यावर आहे. तो सांधा म्हणजे उधारी. ओळीत शेवटी उभा असलेला लहान माणूस आपल्या वरच्या मोठ्या माणसाला नकळत बिनव्याजी कर्ज देत असतो. २००६ सालच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होत जाणारे व्याज द्यावे लागते. पुढे प्राप्तिकर कायद्यातही २०२३-२४ या वर्षापासून अशी तरतूद आली, की सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न दिल्यास ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजावटीस धरला जाणार नाही.

कायदा कडक आहे. मग तक्रारी का होत नाहीत, असे मी गाळ्यागाळ्यांतून विचारीत हिंडलो. उत्तर सगळीकडे एकच मिळाले: तक्रार केली की पैसे मिळतील, पण पुढचे काम मिळणार नाही. काहींना तर काम देणाऱ्याचे नावही माझ्या वहीत लिहिलेले नको होते. मी ती वही कुलपात ठेवतो. एका गृहस्थांनी मला चहा पाजून, सगळी हकीकत सांगून शेवटी म्हटले, "हे तुमच्या पुस्तकात घाला, पण मी सांगितलं म्हणून नको." तेव्हा 'जोखीम स्वीकारण्याच्या वृत्तीचा अभाव' हे माझे शब्द मला आठवले. ही माणसे रोज जोखीम घेतात. फरक इतकाच की ती दुसऱ्याची असते.

कला शाखेला याचे काय?

मित्रहो, हा विषय वाणिज्य शाखेचा, आपण कशाला त्यात पडा, असे तुम्हांपैकी काहींना वाटेल. मीही याच महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकलो आणि मराठीच्या तासालाही बसलो. मला असे दिसून आले की तक्ते आणि आकडे जमवणे त्या मानाने सोपे आहे. एखादा माणूस बोलता बोलता थांबला, तर तो का थांबला हे ओळखणे अवघड आहे आणि ते मी साहित्याच्या तासाला शिकलो. आपल्या गल्लीतला छापखाना, चपलांचे दुकान, खानावळ, पिठाची गिरणी, यांतली कुठलीही एक गोष्ट घ्या आणि तिच्या मालकाला विचारा की तुम्ही दुसरी शाखा का काढली नाही? मात्र उत्तर आधी लिहून नेऊ नका.

राहता राहिला काकांच्या प्रश्नाचा हिशोब. दरमहा ३७,००० रुपयांत मी अजून कुणाचा कारखाना मोठा केलेला नाही आणि प्रबंधाने तो होईल असेही नाही. परंतु छोटा उद्योग छोटा राहतो तेव्हा दोष नेहमी त्या माणसाच्या छातीत नसतो. कधी तो बाजाराच्या आकारात, कधी माणसे मुरायला लागणाऱ्या वेळात, तर कधी दुसऱ्याच्या टेबलावर अडकलेल्या बिलात असतो, एवढे मी दाखवू शकेन असे वाटते. धोरण ठरवणाऱ्यांनी त्यातले बिलाचे तेवढे मनावर घेतले तरी पुष्कळ झाले.

प्रबंधाचे तिसरे प्रकरण लिहून झाल्यावर त्यातला उधारीचा भाग मी आबांना वाचून दाखवला. ते चष्मा पुसत ऐकत होते. वाचून संपल्यावर म्हणाले, "बरोबर लिवलंयस. पर आठ म्हैनं नव्हं, साडेनऊ म्हैनं झालं हुतं. तेवढं दुरुस्त कर." आणि ते कारखान्याकडे निघून गेले. मी त्याच रात्री ती दुरुस्ती केली. या लेखाच्या सुरुवातीला मात्र 'आठ महिने' तसेच ठेवले आहेत. इतकी वर्षे मला जेवढे ठाऊक होते, तेवढेच ते होते.